विकत घेणारा एक, वापरणारी दुसरी

भांडी घासायच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत 28 डिसेंबर 1886 रोजी निघालं, ते जोसेफिन कॉक्रन या बाईंच्या नावावर. या बाईंचे हात खरकट्यात फारसे गेलेले नसणार. इलिनॉय राज्यातलं खातंपितं घर, हाताखाली नोकरमाणसं. घासताना उंची चिनी मातीच्या भांड्यांचे टवके उडतात ही त्यांची मूळ तक्रार, असं सांगतात. नवरा कर्ज मागे ठेवून वारला आणि हौसेचा उद्योग पोटापाण्याचा झाला. एका मेकॅनिकला हाताशी धरून त्यांनी कप, बशा, ताटल्या यांच्या मापाचे तारेचे कप्पे केले आणि त्यांवर साबणाच्या कढत पाण्याचा मारा करणारं यंत्र उभं केलं. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिथल्या उपाहारगृहांमधून ही यंत्रं धडधडत होती. हॉटेलांनी ती घेतली, घरांनी घेतली नाहीत. घरात तेवढं कढत पाणीच नसायचं, आणि हाताने भांडी घासण्यात काही वाईट आहे असंही बऱ्याच गृहिणींना वाटत नव्हतं. कॉक्रनबाईंची कंपनी पुढे होबार्ट या कंपनीकडे गेली आणि त्या वंशावळीतलं घरगुती यंत्र ‘किचनएड’ नावाने बाजारात आलं ते 1949 मध्ये. पेटंट निघून तोवर साठ वर्षं उलटून गेली होती.

घरकामाच्या यंत्रांचा इतिहास सहसा असा शोधकांच्या आणि कंपन्यांच्या नावांनी सांगतात. जर्मनीत मीले कंपनी दुधावरची साय काढायची यंत्रं करत होती, मग लोणी घुसळायची करू लागली, आणि घुसळण्याच्या त्याच तत्त्वावर तिने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कपडे धुवायचं लाकडी पिंप केलं. अमेरिकेत 1911 मध्ये अप्टन मशीन कंपनीने विजेवरचं, कपडे पिळणाऱ्या रुळांचं यंत्र काढलं. तिचीच पुढे व्हर्लपूल झाली. 1937 मध्ये बेंडिक्सचं आपोआप धुणारं यंत्र आलं, ते इतकं हादरायचं की बोल्ट मारून जमिनीला पक्कं करावं लागे. ही सगळी माहिती रंजक आहे, पण तिच्यातून एक गोष्ट कळत नाही. काही यंत्रं घरात पाय रोवतात आणि काही माळ्यावर जातात, ते का? माझं म्हणणं असं, की प्रत्यक्ष काम करणारीचा शब्द यंत्र बनवणाऱ्याच्या कानापर्यंत गेला की नाही, यावर ते बरंचसं ठरतं. आणि पुण्यासारख्या शहरात तो शब्द आज वाटेतच अडतो. कारण आपल्याकडे यंत्र विकत घेणारा एक असतो आणि वापरणारी दुसरीच.

शब्द पोचला की काय होतं, ते जपानच्या राइस कुकरवरून कळतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मोठ्या कंपन्यांनी विजेवर भात शिजवायचे बरेच प्रयत्न केले होते, पण माणसाने समोर बसून बटण बंद करायचं ते करायचंच. तोशिबाने हे काम योशितादा मिनामी नावाच्या छोट्या कारखानदाराकडे दिलं. त्यांना यंत्रं कळत होती, भात कळत नव्हता. भात कळत होता तो त्यांच्या पत्नी फुमिको यांना. दिवसभर आणि वेगवेगळ्या हवेत भात लावायचा, तापमान मोजायचं, नोंद करायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. पाण्याला उकळी आल्यावर साधारण वीस मिनिटं तो जोर टिकला की भात नीट होतो, हे त्या नोंदींतून पक्कं झालं. मग युक्ती अशी निघाली, की भाताचं भांडं दुसऱ्या भांड्यात बसवायचं आणि दोहोंच्या मधे वाटीभर पाणी घालायचं. ते पाणी वीस मिनिटांत आटतं. आटलं की तळाचं तापमान शंभर अंशांच्या वर चढतं, दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि वीज तुटते. घड्याळ नको, राखण नको. डिसेंबर 1955 मध्ये तो कुकर बाजारात आला आणि काही वर्षांत जपानी घरांत सर्रास दिसू लागला. आपल्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत उभ्या राहणाऱ्या पिढ्यांना त्या वाकणाऱ्या पट्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

आपल्याकडचं याच जातीचं उदाहरण सुमीत मिक्सरचं. 1963 ची गोष्ट. माधुरी माथुर यांच्याकडचा परदेशी मिक्सर बिघडला आणि इथे दुरुस्त होईना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर. परदेशी मिक्सर शेक आणि मऊ फळांसाठी केलेला, आपल्याकडे त्याच्यात हळकुंडं, सुकं खोबरं आणि भिजवलेली डाळ पडणार. त्यांनी त्या माऱ्यापुढे टिकेल अशी मोटर केली आणि त्यातून सुमीत उभा राहिला. पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत पाटा-वरवंटा बाल्कनीत गेला तो या यंत्रामुळे. इथेही वाटण ज्या बाईला करायचं होतं ती आणि मोटर गुंडाळणारा माणूस एकाच घरात राहत होते. कारखान्यापर्यंतचं अंतर स्वयंपाकघर ते बाहेरची खोली एवढंच होतं.

आता पुणं. नगर रस्त्याने रांजणगावच्या महागणपतीला जाताना एमआयडीसीचे फाटे लागतात. नवसाला निघालेल्या भाविकाच्या ध्यानात येतंच असं नाही, पण व्हर्लपूल, एलजी आणि हायर या तिन्ही जगभरच्या कंपन्यांचे घरगुती उपकरणांचे कारखाने त्या परिसरात आहेत. म्हणजे हे यंत्र कुठल्या दूरदेशी बनतं आणि तिथे आपलं कोण ऐकणार, ही सबब पुणेकराला नाही. ऐकायचं ठरवलं तर या कंपन्या ऐकतात. हायरची एक प्रसिद्ध कथा आहे: 1996 मध्ये सिचुआन प्रांतातल्या एका शेतकऱ्याने तक्रार केली की मशीनची निचऱ्याची नळी सारखी तुंबते. पाहिलं तर तो त्यात रताळी धूत होता. कंपनीने त्याला मशीन कसं वापरावं याचं व्याख्यान दिलं नाही, रुंद नळीचं, रताळीही धुता येतील असं मशीनच काढलं. याच कंपनीने भारतात फ्रीझर खाली आणि फ्रीज वर अशी रचना खपवली ती ‘वाकावं लागत नाही’ या एका मुद्द्यावर. भाजी, दूध, कणीक दिवसातून दहादा काढायची, बर्फ कधीतरी. मग बर्फाला कमरेच्या वर जागा कशाला? साधा हिशोब आहे, पण कुणाची तरी कंबर डोळ्यांसमोर आणल्याशिवाय सुचत नाही. सॅमसंगने 2015 च्या सुमारास मशीनच्या झाकणाखालीच घासायला छोटं धुण्याचं पात्र दिलं, तेही भारतातल्या बायका कॉलर आणि बाह्यांच्या कडा आधी हाताने घासून मगच कपडे मशीनमध्ये टाकतात हे पाहून.

पण हे सगळं पाहिलं गेलं ते ‘गृहिणी’ नावाच्या ग्राहकाचं. कर्वेनगर, बाणेर, वाकड, खराडी, कुठल्याही सोसायटीत सकाळी नऊ ते बारा या वेळात मशीनसमोर कोण उभं असतं? घरची बाई हिंजवडीच्या बसमध्ये किंवा लॅपटॉपसमोर असते. मशीन लावतात त्या मावशी. चार-पाच घरांची धुणीभांडी उरकायची असतात आणि एका घरात त्या पाऊण तास असतात. बाजारातलं सर्वेक्षण त्यांच्यापर्यंत जात नाही, कारण मशीन त्यांनी विकत घेतलेलं नाही.

त्याचे परिणाम बघायला ड्राय बाल्कनीत जावं. पुण्याच्या बिल्डरांनी स्वयंपाकघराला चिकटवलेली ही चिंचोळी जागा. मशीन ठेवलं की भिंत आणि मशीन यांच्यात एक माणूस तिरका उभा राहील एवढंच अंतर उरतं. नळ मशीनच्या मागे, म्हणजे तो उघडायला मशीनवरून ओणवं व्हायचं. निचऱ्याची नळी मोरीच्या जाळीत नुसती टेकवलेली, ती दर चार दिवसांनी निसटते आणि फरशीवर तळं. वरून कपडे घालायचं मशीन असेल तर पिंप खोल. बुटक्या बाईला तळाशी चिकटलेला मोजा काढायला पोटावर लटकावं लागतं, नाहीतर पाट किंवा पालथी बादली घ्यावी लागते. समोरून उघडणारं असेल तर उकिडवं बसायचं, आणि बसायला जागा नाही. मशीनच्या माथ्यावर इंग्रजीत ‘नॉर्मल’, ‘फझी’, ‘रिन्स’, ‘स्पिन’. कितीतरी घरांत बरोबर त्या बटणाशेजारी एक लाल टिकली चिकटवलेली दिसते: हे दाबायचं, मग मधलं दोनदा, मग हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं. सोळा-सोळा प्रोग्रामचं यंत्र विकत आणलं जातं आणि टिकलीवर चालतं. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून आपण सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलो आणि 2023 मध्ये तिथून तसा आदेशही मिळवला; मशीनच्या माथ्यावर दोन ओळी मराठीत असाव्यात असं मात्र एकाही पक्षाला सुचलेलं नाही. आंदोलनाला ड्राय बाल्कनीत फोटो चांगला येत नसावा.

वेळेचं गणित त्याहून वाईट. मशीनचा नेहमीचा फेरा तासाभराचा आणि मावशींचा मुक्काम पाऊण तासाचा. म्हणजे त्यांनी लावलेलं धुणं त्यांच्याच हाताने वाळत पडणं बहुधा शक्य नाही. मग एकतर त्या चार घरं करून परत येतात, त्या खेपेचे पैसे नसतात. किंवा कालचं ओलं धुणं आज वाळत घालतात आणि पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो, त्यावरून बोलणी खातात. पंधरा मिनिटांचा झटपट फेरा असतो, पण तो ऑफिसात एसीत बसून आलेल्या दोन शर्टांसाठी. शाळेच्या मैदानावरून आलेल्या गणवेशासाठी नव्हे. नव्या यंत्रांत वाय-फाय असतं. धुणं झालं की मालकिणीच्या मोबाइलवर हिंजवडीत संदेश वाजतो. जिला तो हवा ती समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भांडी घासत असते.

यंत्र आलं की काम वाचतं, मग त्या वाचलेल्या कामाचं काय होतं, हा खरा सार्वजनिक प्रश्न. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जोआन व्हॅनेक यांनी 1974 मध्ये जुन्या नोंदी ताडून दाखवलं की 1920 च्या दशकापासून 1960 च्या दशकापर्यंत, म्हणजे वॉशिंग मशीन, फ्रीज, व्हॅक्यूम क्लीनर हे सगळं घरात येऊनही, नोकरी न करणाऱ्या गृहिणींचे घरकामाचे तास कमी झालेले नव्हते. आठवड्याला पन्नासच्या वरच. यंत्राने एकेक काम सोपं केलं आणि स्वच्छतेची अपेक्षा तेवढीच वर चढली. आठवड्याला बदलायची चादर तीन दिवसांनी बदलू लागली. लाँड्रीत जाणारे कपडे परत घरात आले. आपल्याकडे ही वाढ कुणाच्या वाट्याला येते? भारताच्या 2019 च्या कालवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला 299 मिनिटं देतात, पुरुष 97. हे फक्त स्वतःच्या घरातल्या कामाचं. मावशींची तीच कामं दोनदा होतात: एकदा आपल्याकडे पैसे घेऊन, एकदा त्यांच्या घरी फुकट. त्यांच्या घरी मशीन असलं तर ते बहुतेक दोन कप्प्यांचं सेमी-ऑटोमॅटिक, बादलीने पाणी ओतून चालणारं. ज्या वस्तीत पाणी ठरावीक वेळी आणि बारीक धारेने येतं तिथे दुसरं चालणारही नाही. मला विचाराल तर गरजेला सर्वांत प्रामाणिक यंत्र तेच आहे. जाहिरातीत मात्र ते कधी दिसत नाही.

पैशाचा हिशोब पुण्यात जुना आहे. 1980 मध्ये इथल्या घरकामगार बायकांनी संप केला. पगारवाढ, पगारी सुट्टी अशा मागण्या होत्या; आधी कुणी पुढारी नव्हता, बायका आपणहून बाहेर पडल्या, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पेठांमधल्या आणि डेक्कनच्या मध्यमवर्गाला ‘बाईसुद्धा संप करू शकते’ हे तेव्हा प्रथम कळलं. पुढे 2008 मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 189 क्रमांकाचा करार 2011 चा; भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण अजून त्याला औपचारिक मान्यता दिलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या कामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा असं सांगितलं. मात्र या सगळ्या चर्चेत यंत्राचा उल्लेख नसतो. दर अजून ‘धुणं इतके, भांडी इतके, केर-फरशी इतके’ असेच ठरतात, घरातली माणसं मोजून. आणि मशीन आणलं की मालकीण म्हणते, “आता काय, नुसतं वाळत तर घालायचंय,” आणि धुण्याचा दर निम्मा होतो. भिजवणं, रंगीत-पांढरे वेगळे करणं, कॉलर घासणं, खिसे तपासणं, नळी सांभाळणं, वाळत घालणं, कालचे काढून घड्या करणं, हे सगळं ‘नुसतं’ या शब्दात बसवलेलं असतं. यंत्राचा हप्ता असा मावशींच्या पगारातून वळता होतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. यंत्रं अशी मावशींना सोयीची झाली, मराठी झाली, सुटसुटीत झाली, तर मालकीण स्वतःच बटण दाबेल आणि मावशींचं घर सुटेल. मग त्यांच्या पोटावर पाय कुणी आणला? 2020 च्या टाळेबंदीत सोसायट्यांनी फाटक बंद केलं तेव्हा डिशवॉशरची मागणी एकदम वाढली, हेही खरं. बॉशने तर भारतासाठी खास ‘कढई’ प्रोग्राम दिलेला आहे. पण फाटक उघडल्यावर काय झालं ते आठवून बघा. डिशवॉशर घेतलेल्या घरांतही मावशी परत आल्याच. लोखंडी तवा, पितळी पातेलं, लाकडी पोळपाट त्यात जात नाहीत. कुकर बसतो पण कपबशा बाहेर राहतात. आणि जेवणानंतर खरकटं काढून भांडी कप्प्यांत नीट लावायची कुणी, यावरून नवराबायकोत जुंपते. काम नाहीसं झालं नाही, त्याचे तुकडे झाले. तुकड्यांचे दर कुणी ठरवलेले नसतात आणि म्हणून ते पडतात. यंत्रं मुद्दाम गैरसोयीची ठेवून कुणाची नोकरी टिकवायची, ही कल्पना मला तरी मान्य नाही. थंडीत सोड्याच्या पाण्यात हातांना पडलेल्या भेगा पाहिल्या तर मावशींनाही ती मान्य होईल असं वाटत नाही. भांडी यंत्राने घासावीत, आणि वाचलेला वेळ ज्यांची पाठ वाचली त्यांना पूर्ण पगारासह मिळावा. दर वस्तूंवर न ठरता वेळेवर ठरला तर हे जमतं: पाऊण तासाचे अमुक, मग त्यात मशीन असो नाहीतर दगड. ज्या शहराने 1980 मध्येच या बायकांचा संप पाहिला, तिथल्या सोसायट्यांना वार्षिक सभेत पार्किंगवर तीन तास घालवण्यातून यासाठी अर्धा तास काढता येऊ नये?

दुसरा आक्षेप कंपन्यांचा असेल: पैसे जो देतो त्याच्यासाठीच आम्ही वस्तू करणार. बाजाराचा नियम म्हणून ठीक. पण बाजाराला वळण लावता येतं हे आपण फ्रीजच्या बाबतीत पाहिलं आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ताऱ्यांची चिठ्ठी 2006 मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाली, 2010 पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर सक्तीची झाली. त्याआधी फ्रीज किती वीज खातो हे गिऱ्हाईक विचारत नसे; चिठ्ठी लागल्यावर दुकानात पहिला प्रश्न तोच होऊ लागला आणि कंपन्यांनी कॉम्प्रेसर सुधारले. विजेचं माप चिठ्ठीवर येतं, मग पिंपाच्या तळापर्यंत हात पोचायला उंची किती लागते, फेरा मधेच थांबवून कपडा टाकता येतो का, सूचना मराठीत आहेत का, निचऱ्याची नळी पक्की बसते का, ही मापं चिठ्ठीवर का येऊ नयेत? रांजणगावच्या कारखान्यांपासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर हजारो बायका रोज ही यंत्रं चालवतात. त्यांच्यातल्या पन्नास जणींना दिवसाचा रोज देऊन, चहापाणी करून, नव्या नमुन्यांसमोर उभं करायला कुठल्याही कंपनीचं दिवाळं निघणार नाही. फुमिको मिनामींनी केलं ते काम या बायका आपल्या घराघरात आधीच करत आहेत, फक्त त्यांच्या नोंदी कुणी घेत नाही.

आणि बिल्डर. त्यांना यात कुणी धरत नाही, पण वॉशिंग मशीन कसं वापरलं जाणार हे निम्मं त्यांच्या नकाशात ठरतं. ड्राय बाल्कनी हातभर रुंद करणं, नळ मशीनच्या बाजूला आणि छातीच्या उंचीवर घेणं, निचऱ्याचं भोक भिंतीतच देऊन नळी घट्ट बसवणं, वाळत घालायच्या दोऱ्या खाली ओढता येतील अशा कप्पीवर लावणं: यातल्या कशालाच संशोधन लागत नाही. महापालिकेच्या बांधकाम नियमांत पार्किंगची रुंदी सेंटिमीटरपर्यंत लिहिलेली असते. मोटारीचं दार नीट उघडावं याची काळजी घेणाऱ्या त्याच नियमावलीत मशीनचं दार उघडायला जागा सक्तीची करता येईल.